हानलेला दुर्बीण नेण्यासाठी एसयूव्हीमागे ट्रेलर: झोजी ला आणि फोटू लाच्या चढ-उतारांबद्दल विचारणा

आकाशनिरीक्षक, डिचोली (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. डिचोली-साखळी भागातील आम्ही चार आकाशनिरीक्षक मित्र यंदा सर्वपित्री अमावास्येच्या आसपास लडाखमधील हानलेला जाण्याचे ठरवीत आहोत. घरच्या वडीलधाऱ्यांना पितृपक्षातील प्रवास पसंत नाही. परंतु आपल्याकडचा पावसाळा सरत आलेला आणि तिकडची कडाक्याची थंडी अजून पडलेली नाही, अशा दिवसांतली चंद्र नसलेली रात्र आम्हाला हवी असल्यामुळे तिथी कायम ठेवली आहे. हानलेच्या परिसराला २०२२ मध्ये डार्क स्काय रिझर्व्हचा, म्हणजे कृत्रिम उजेडापासून जपलेल्या आकाशाच्या क्षेत्राचा, दर्जा मिळाला आणि भारतीय खगोलभौतिकी संस्थेची दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्रा दुर्बीण तेथेच सुमारे ४,५०० मीटर उंचीवर आहे. समुद्राच्या दमट हवेतून आणि किनाऱ्यावरच्या दिव्यांच्या उजेडातून आकाश पाहणाऱ्या आमच्यासारख्यांना त्या आकाशाचे किती आकर्षण असेल, हे वेगळे सांगायला नको.

अडचण सामानाची आहे. आमची दुर्बीण १६ इंची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण, आहे. आरशाची पेटी, ती ज्यावर फिरते ती बैठक, सांगाड्याच्या नळ्या आणि बॅटरी हे सारे चार माणसे बसल्यावर गाडीत मावत नाही. त्यात तंबू, शिधा आणि पाणी आहेच. म्हणून आम्ही एका ॲक्सलचा बंद पेटीचा ट्रेलर करवून घेतला असून त्याची रीतसर नोंदणी झाली आहे. रिकाम्या ट्रेलरचे वजन ३२० किलो आहे आणि भरल्यावर ते ६५० किलोपर्यंत जाईल असा आमचा अंदाज आहे. गाडी टर्बो डिझेल, मॅन्युअल गिअरची, फोर व्हील ड्राइव्ह आणि लो-रेशो (कमी वेगात जास्त ओढ देणारी गिअरची सोय) असलेली आहे. मागे ट्रेलर अडकविण्यासाठी ५० मिलिमीटरच्या बॉलचा टो-बार बसविला आहे आणि हे वजन कंपनीच्या पुस्तिकेतील ओढण्याच्या मर्यादेत बसते.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नाहीत. बनविणाऱ्या कारागिराचे म्हणणे असे की, युरोपातसुद्धा ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे नाहीत, तेव्हा आपल्याला त्यांची गरज नाही. मला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. इतक्या उंचीवर इंजिन हे वजन ओढू शकेल का? मनालीमार्गे जावे की श्रीनगरमार्गे? आणि ब्रेकविना ट्रेलर नेण्यात खरोखर धोका आहे का?

गॅरेजवाला, फोंडा

नमस्कार. माझ्याकडे बोटींचे ट्रेलर दुरुस्तीला येतात, त्यामुळे या विषयाशी माझा नेहमीचा संबंध आहे. तुमच्या प्रश्नांचा क्रम मी उलटा करतो, कारण चौघांचा जीव ज्यावर अवलंबून आहे तो प्रश्न तुम्ही शेवटी ठेवला आहे. चढावर इंजिन कमी पडले तर गाडी थांबेल आणि दिवस वाया जाईल. उतारावर ब्रेक कमी पडले तर थांबण्याची सोयच राहत नाही.

घाट उतरताना ब्रेक आणि इंजिन यांना मिळून किती ऊर्जा जिरवावी लागते, हे गाडी समुद्रसपाटीपासून किती उंच आहे यावर ठरत नाही, ती किती मीटर खाली उतरते आणि तिचे एकूण वजन किती आहे यावर ठरते. फोटू ला (ला म्हणजे खिंड) ४,१०८ मीटरवर आहे आणि तेथून लामायुरूवरून सिंधूकाठच्या खल्त्सेपर्यंत रस्ता जवळजवळ १,१०० मीटर खाली येतो. माणसे-सामानासह तुमची गाडी २,३५० किलो आणि ट्रेलर ६५० किलो धरला, तर या उतरणीत निर्माण होणारी ऊर्जा सुमारे ११० लिटर पाणी ३० अंशांवरून समुद्रसपाटीवरच्या उकळीपर्यंत नेण्याइतकी भरते. त्यातला काही वाटा हवेच्या आणि टायरच्या विरोधात जातो, गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर मोठा वाटा इंजिन घेते आणि जे उरते ते ब्रेकच्या डिस्क व ड्रम तापविण्यात खर्च होते. ट्रेलरचा यातील वाटा पाचव्या हिश्शाहून थोडा अधिक आहे, आणि ट्रेलरला ब्रेक नसल्यामुळे तो सगळा तुमच्या गाडीच्या चार चाकांवर येतो.

तरीही उष्णतेपेक्षा मला दुसऱ्या गोष्टीची अधिक काळजी वाटते. शंभर मीटरला सात मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर ६५० किलोचा ट्रेलर नुसता लोटत असला, तरी टो-बॉलवर सुमारे ४५ किलोचा रेटा देत राहतो. समोर अचानक जनावर आले आणि तुम्ही मध्यम जोराने ब्रेक दाबला, की हाच रेटा दोनशे किलोंच्या वर जातो. सरळ रस्त्यावर तो मागून पुढे असतो, त्यामुळे फार बिघडत नाही. परंतु तीव्र वळणावर गाडी आणि ट्रेलर यांच्यात कोन झालेला असतो, तेव्हा तोच रेटा गाडीचा मागचा भाग आडवा ढकलतो. खाली खडी किंवा चिखल असेल तर मागची चाके सरकतात, ट्रेलर गाडीच्या कुशीत येतो आणि दोन्ही वाहने मिटलेल्या चाकूसारखी एकमेकांवर दुमडतात. हे एकदा सुरू झाले की स्टिअरिंगने सावरता येत नाही. ट्रेलरची चाके स्वतःच्या ब्रेकने मागे धरली गेली असतील तर मुळात हा रेटाच निर्माण होत नाही. युरोपातला ७५० किलोचा आकडा खरा आहे, पण ती कायद्याने आखलेली किमान रेषा आहे. खडीच्या वळणांवर पुरेल अशी शिफारस ती नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की, ब्रेक नसलेला ट्रेलर तुम्ही त्या रस्त्यावर नेऊ नये.

ब्रेक कोणते बसवावेत, याचाही विचार करावा लागेल. ओव्हररन ब्रेक स्वस्त आणि सोपे असतात. ट्रेलर गाडीला ढकलू लागला की कपलिंगमधला (टो-बॉलवर बसणाऱ्या जोडणीतला) दांडा आत दाबला जातो आणि त्या दाबाने ट्रेलरचे ब्रेक लागतात. सपाट रस्त्यावर हे उत्तम चालते. लांब उतरणीवर मात्र तुम्ही शहाण्यासारखे दुसऱ्या गिअरमध्ये उतरत असता, तेव्हा ट्रेलर सतत गाडीला ढकलत असतो आणि त्यामुळे त्याचे ब्रेक मिनिटांमागून मिनिटे थोडे थोडे लागलेलेच राहतात. ड्रम तापून प्रसरण पावतो, लायनिंगची पकड कमी होते आणि खाली पोहोचेपर्यंत ते ब्रेक जवळजवळ निकामी झालेले असतात. इलेक्ट्रिक ब्रेक चालकाजवळच्या कंट्रोलरवरून चालतात, त्यामुळे ते केव्हा आणि किती लावायचे हे तुमच्या हातात राहते. ट्रेलर डुलू लागला तर गाडीचा ब्रेक न दाबता केवळ ट्रेलरचा ब्रेक लावून त्याला सरळ करता येते. विरळ हवेचा त्यांच्यावर परिणामही होत नाही. खर्च अधिक येईल, पण शक्य असेल तर हेच बसवावेत.

गाडीच्या ब्रेकवर मात्र हवेचा परिणाम होतो आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. पेडलला मदत करणारा बूस्टर एका बाजूची निर्वात पोकळी आणि दुसऱ्या बाजूची बाहेरची हवा यांच्या दाबांतील फरकावर चालतो. फोटू लावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच असतो, म्हणून बूस्टरची कमाल मदतही त्याच प्रमाणात घटते. पेडल जड लागले तर ब्रेक बिघडला असे समजून घाबरू नका, पाय अधिक जोराने दाबावा लागेल याची मनाची तयारी ठेवा. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडणे हा तर आत्मघात आहे. निघण्यापूर्वी ब्रेक ऑइल बदलून घ्या. नव्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, परंतु ते हवेतील ओलावा शोषून घेते आणि ओलावलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. आपल्या गोव्याच्या हवेत ओलाव्याला काय तोटा!

आता इंजिन. टर्बो नसलेले इंजिन दर हजार मीटरला ढोबळमानाने दहा टक्के शक्ती गमावते. टर्बो ही तूट बऱ्याच अंशी भरून काढतो, पण पुरेसे आरपीएम गाठल्यावरच; तोपर्यंत तुमचे इंजिनही विरळ हवेने गुदमरलेले असते. म्हणजे चालत्या गाडीला अडचण येणार नाही, थांबलेली गाडी चढावर ट्रेलरसह पुन्हा उचलताना येईल, आणि त्या वेळी क्लच प्लेट जळते. खडीच्या चढावर थांबावे लागले तर लो-रेशोमध्ये टाकूनच उचला. गाडीची फोर व्हील ड्राइव्ह पार्ट-टाइम प्रकारची असेल, तर कोरड्या डांबरी वळणावर मात्र ती काढून ठेवा, नाहीतर ट्रान्समिशनवर ताण येतो. रेडिएटरचे झाकण नवे बसवा. त्या उंचीवर साधे पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळते, कूलंट त्याच्या पुष्कळ वरपर्यंत टिकतो तो झाकणाने धरून ठेवलेल्या दाबामुळे. गोव्यात सैल झालेले झाकण वर्षानुवर्षे लक्षात येत नाही, तिकडे ते पहिल्याच मोठ्या चढावर लक्षात येईल.

निवृत्त सैनिक, वाळपई

फोंड्याच्या भावांनी ब्रेकबद्दल लिहिले आहे ते अक्षरशः पाळावे. मी सैन्याच्या वाहतूक विभागात नोकरी केली असून कारगिलच्या बाजूचा रस्ता मला परिचयाचा आहे, म्हणून मार्गाबद्दल लिहितो.

ट्रेलर असेल तर श्रीनगरमार्गेच जावे. मनालीहून निघाल्यास २०२० मध्ये खुल्या झालेल्या अटल बोगद्यामुळे रोहतांगची चढण टळते हे खरे. पण पुढे ४,८०० मीटरच्या वरचा बारालाचा ला, गाटा लूप्सची २१ वळणे, पाच हजार मीटरच्या वरचा लाचुंग ला आणि ५,३२८ मीटरचा टांगलांग ला या सगळ्या एकापाठोपाठ येतात. मधल्या मुक्कामाची सरचू आणि पांग ही ठिकाणेही चार हजार मीटरच्या वर आहेत. सपाटीवरून दोन दिवसांपूर्वी आलेल्या माणसाला तेथे झोप लागत नाही, आणि ज्याचे डोके ठणकते आहे त्याने ट्रेलर ओढू नये. श्रीनगरकडून झोजी ला ३,५२८ मीटर, नामिका ला सुमारे ३,७०० मीटर आणि फोटू ला ४,१०८ मीटर अशी चढती भाजणी आहे. मधले कारगिल २,७०० मीटरच्याही खाली असल्यामुळे तेथे माणसांनाही विसावा मिळतो आणि गाडीलाही. लेहला निदान दोन रात्री राहून पुढे उपशी, चुमाथांग, माहे, न्योमा आणि लोमा असा सिंधूच्या कडेने हानलेचा रस्ता धरावा. त्यावर मोठी खिंड लागत नाही आणि चढही संथ आहे. परवाना लेहमध्येच काढून त्याच्या पुरेशा प्रती जवळ ठेवाव्यात.

झोजी लाबद्दल सविस्तर लिहितो. जानेवारी २०२५ मध्ये सोनमर्गचा बोगदा खुला झाल्यामुळे सोनमर्गच्या अलीकडचा हिमस्खलनाचा पट्टा टळतो, पण झोजी लाच्या खालचा बोगदा अजून पूर्ण झालेला नाही, तेव्हा खिंड रस्त्यानेच ओलांडावी लागते. रस्ता अरुंद, मोठ्या भागात कच्चा आणि एका बाजूला खोल दरी असलेला आहे. वाहने कोणत्या वेळी कोणत्या दिशेने सोडायची हे वाहतूक पोलीस ठरवितात, म्हणून आदल्या संध्याकाळी चौकशी करून पहाटेच नंबर लावावा. जाताना तुम्ही चढत असाल. डोंगरी अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या वाहनाला उतरणाऱ्याने वाट द्यावी हा कायद्यातलाच नियम असल्यामुळे जाताना तुमची बाजू बरी आहे. परतताना मात्र तुम्ही उतरत असाल आणि समोरून भरलेला ट्रक आला की मागे सरकणे तुमच्याकडे येईल, तेही ट्रेलरसह आणि चढाच्या दिशेने.

येथे फोंड्याच्या भावांच्या लिहिण्यात एक भर घालावीशी वाटते. साधे ओव्हररन ब्रेक असतील, तर चढावर मागे घेताना कपलिंग आत दाबले जाते आणि ट्रेलर आपले ब्रेक आपणच लावून घेतो. गाडी रेटत राहते, क्लचचा वास येऊ लागतो आणि ट्रेलर जागचा हलत नाही. म्हणून ओव्हररनच बसविणार असाल तर मागे जाताना ब्रेक आपोआप सुटणारे हब (चाकांचे मधले भाग) आहेत ना, याची खात्री करून घ्या.

मागे घेण्याचा सराव चौघांपैकी निदान दोघांनी येथेच करावा. डाव्या-उजव्याचा गोंधळ टाळण्यासाठी स्टिअरिंग खालच्या बाजूला एका हाताने धरावे. मग हात ज्या बाजूला नेला त्या बाजूला ट्रेलरचे शेपूट जाते. तुमच्यासारखा आखूड ट्रेलर लांब ट्रेलरपेक्षा फार लवकर वळतो, म्हणून हात इंच-इंच हलवावा आणि कोन वाढू लागताच थांबून थोडे पुढे येऊन पुन्हा सुरुवात करावी. एकाने खाली उतरून दरीच्या बाजूने नव्हे, डोंगराच्या बाजूने उभे राहून खूण करावी, आणि चालकाला आरशात तो दिसेनासा झाला तर चालकाने गाडी जागीच थांबवावी.

ओढ्यांच्या बाबतीत एवढेच ध्यानात ठेवा की बर्फ उन्हाने वितळते, त्यामुळे सकाळी घोट्याएवढे असलेले पाणी दुपारी गुडघ्याच्या वर जाऊ शकते. बंद पेटीचा हलका ट्रेलर खोल पाण्यात तरंगून प्रवाहाबरोबर आडवा होतो. शिवाय उतरणीनंतर तापलेले हब थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी बेअरिंगमध्ये ओढले जाते. पाण्यात शिरण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे थांबण्यास कंटाळू नये.

वाचक, पर्वरी

दोन्ही उत्तरे मोलाची आहेत, पण ट्रेलर न्यावाच का, असा प्रश्न मला पडतो. मी स्वतः लहान दुर्बीण बाळगतो आणि आरसे कशाने खराब होतात याची मला थोडी माहिती आहे. एका ॲक्सलच्या ट्रेलरच्या पाट्याच्या स्प्रिंगा अधिक वजन डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतील, तर कमी भरलेला ट्रेलर खड्ड्यांवर उड्या मारतो आणि पेटीतल्या वस्तूंना बसणारे हादरे गाडीतल्या हादऱ्यांपेक्षा कितीतरी तीव्र असतात. १६ इंची आरसा, त्याखालचे आधार आणि आरशाची जुळवणी करणारे स्क्रू हे सगळे त्या हादऱ्यांत ठेवणे मला पटत नाही. कच्च्या रस्त्याची पिठासारखी धूळ दाराच्या फटीतून आत जाते ती वेगळीच.

माझा सल्ला असा की, तिघांनीच जावे, मागची एक सीट दुमडून आरशाची पेटी जाड फोमवर गाडीतच ठेवावी, सांगाड्याच्या नळ्या छतावरच्या कॅरिअरवर बांधाव्यात आणि तंबू न नेता हानलेतील घरगुती निवासात राहावे. तेथील ग्रामस्थ आकाशदर्शनासाठी येणाऱ्यांची सोय करतात आणि त्यांच्यातल्या काहींना दुर्बिणी हाताळण्याचे प्रशिक्षणही दिले गेले आहे. पाण्याचा आणि शिध्याचा मोठा साठा येथून उचलून नेण्याचे कारणच उरत नाही.

आकाशनिरीक्षक, डिचोली

आपण तिघांनीही इतक्या आपुलकीने आणि तपशिलाने लिहिल्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. पर्वरीच्या मित्रांचा मुद्दा आम्ही चौघांनी बसून विचारात घेतला. आरसा गाडीतच ठेवायचा, हे तत्काळ मान्य झाले. चौघांपैकी कोणाला मागे ठेवायचे हे मात्र मान्य होण्यासारखे नाही. गेली कित्येक वर्षे आम्ही ही दुर्बीण मिळूनच वापरतो आणि तिचा आरसा आमच्यातल्याच एकाने स्वतःच्या हातांनी घासून तयार केला आहे. त्यामुळे बैठक, नळ्या, बॅटरी आणि थोडे तंबू-सामान यांसाठी ट्रेलर राहील, पाण्याची टाकी आणि शिध्याचा मोठा भाग वगळला जाईल. इलेक्ट्रिक ब्रेक असलेला ॲक्सल बसवून घ्यायचे आम्ही ठरविले आहे. विमा कंपनीकडूनही ट्रेलर जोडलेला असताना विमा लागू राहील असे लेखी मागितले आहे.

दरम्यान, ट्रेलर पूर्वीच्याच सामानाने भरून खाणपट्ट्यातील एका वजनकाट्यावर नेला, तेव्हा ६५० ऐवजी ७२० किलो भरले. कपलिंगखाली घरचा वजनकाटा ठेवून पाहिले तर तेथे जेमतेम ३० किलो भार येतो. हा भार कमी असणे चांगले की वाईट, हे आम्हाला कळलेले नाही. चोर्ला घाटात एकदा चाचणी घ्यावी असेही मनात आहे. परंतु आठशे मीटरच्या घाटातील चाचणीने चार हजार मीटरच्या खिंडीबद्दल काही कळेल का?

गॅरेजवाला, फोंडा

७२० किलोंवर ३० किलो म्हणजे चार टक्क्यांच्या आसपास. हे कमी आहे आणि मला ते धोक्याचे वाटते. ट्रेलरचे नाक हलके असले की तो वेगात शेपूट हलवू लागतो, आणि उतारावर, जेथे मागून रेटाही असतो, तेथे हे हेलकावे वाढतच जातात. भार एकूण वजनाच्या सात ते दहा टक्के असावा. टाकी काढून टाकता आहात हे उत्तम झाले. तुमच्या टाकीची जागा ॲक्सलच्या मागे असणार, कारण तिनेच नाक उचलले असावे. आता बॅटरी आणि बैठक ॲक्सलच्या किंचित पुढे, तळाशी आणि पट्ट्याने आवळून ठेवा आणि पुन्हा मोजा. मात्र टो-बॉलवरचा भार गाडीच्या मागच्या ॲक्सलवर येतो, तेव्हा पुस्तिकेतील त्याची मर्यादाही पाहून घ्या, विशेषतः मागे आरशाची पेटी ठेवणार असल्यामुळे.

चोर्ला घाटाची चाचणी जरूर घ्या, आणि ती ठरलेल्या पूर्ण सामानासह घ्या. उतरणीची उष्णता किती मीटर उतरलात यावर ठरते हे मी वर लिहिले आहेच. त्यामुळे चोर्ल्याच्या माथ्यावरून केरीपर्यंतची उतरण ब्रेक आणि हब यांच्याबद्दल जवळजवळ सगळे सांगून जाईल. विरळ हवेतील टर्बो आणि जड झालेले पेडल यांची कल्पना तेथे येणार नाही, त्यासाठी सोनमर्गपुढचा पहिला चढ हीच चाचणी समजावी. कणकुंबीपर्यंत जाऊन परत फिरा, माथ्यावरूनच दुसरा गिअर धरा आणि वेग वाढू लागला की ब्रेक ठामपणे दाबून वेग उतरवून पूर्ण सोडा. पेडलवर पाय सतत टेकवून ठेवल्यास डिस्कला थंड व्हायला अवधीच मिळत नाही.

खाली अंजुणे धरणाच्या परिसरात सपाट जागा पाहून थांबा. हॅन्डब्रेक लावून चाकांखाली लाकडी ठोकळे लावा आणि हातभर अंतरावरून इन्फ्रारेड थर्मामीटरने ट्रेलरची दोन्ही चाके मोजा. तो नसेल तर तळव्याची मागची बाजू हबजवळ न्या, धातूला स्पर्श करू नका. दोन्ही बाजू सारख्याच गरम असतील तर समायोजन बरोबर आहे. एक बाजू बरीच अधिक गरम असेल, तर त्या बाजूचा ब्रेक घासतो आहे किंवा बेअरिंग जास्त आवळले गेले आहे. चाक काढून रिमच्या आतल्या अंगावर पाहा. मधोमध निघून कडेपर्यंत पसरलेले काळ्या ग्रीसचे ओघळ दिसले, तर सील गळत आहे आणि ते ग्रीस उद्या ब्रेक लायनिंगवर जाणार आहे. ग्रीस तांबूस-करड्या रंगाचे, साबणासारखे झाले असेल तर आत पाणी गेलेले आहे. आपल्याकडे जेटीवर खाऱ्या पाण्यात उतरवल्या जाणाऱ्या बोटींच्या ट्रेलरमध्ये हे मी नेहमी पाहतो. अनमोड घाटात असाच एक ट्रेलर बेअरिंग जाम होऊन चाकासकट हब उपटून आडवा झालेला मी पाहिला आहे, आणि त्याच्या रिमवर हे ओघळ केव्हापासून होते हे पाहताक्षणी कळत होते. तुमचा ट्रेलर नवा असला तरी पावसाळाभर अंगणात उभा असेल, तर बेअरिंग उघडून, धुऊन, नवे ग्रीस भरूनच निघा, आणि बेअरिंग-सीलचा एक पूर्ण संच व त्या मापाचा पाना बरोबर ठेवा. ट्रेलरची स्टेपनी वेगळी हवी, हे सांगायची गरज नसावी.

सेफ्टी चेन कपलिंगखाली फुलीसारखी ओलांडून लावा, म्हणजे कपलिंग सुटले तरी ड्रॉबार (ट्रेलरचा पुढचा दांडा) रस्त्यात न रुतता साखळ्यांवर पडेल. ट्रेलर पूर्णच सुटला तर त्याचे इलेक्ट्रिक ब्रेक आपोआप लागावेत यासाठी ब्रेकअवे केबल आणि तिची ट्रेलरवरची स्वतंत्र बॅटरी असते, ती ॲक्सलबरोबरच बसवून घ्या. केबल साखळीला न बांधता गाडीच्या पक्क्या भागाला अडकवा.

टायरमधल्या हवेबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी लिहितो, कारण लेहला पोहोचल्यावर अनेक जण हवा कमी करीत सुटतात. बाहेरचा दाब घटल्यामुळे गेजवरचा आकडा चार हजार मीटरवर सहा पीएसआयच्या आसपास वाढतो. त्याच वेळी गोव्याच्या तिशीतल्या तापमानातून पहाटेच्या पाच अंशांत गेलेली हवा आकसून तो चार-साडेचार पीएसआयने कमी करते. म्हणजे पहाटे थंड टायरवर मोजले तर दीड-दोन पीएसआयचाच फरक उरतो आणि त्याला हात लावायची गरज नसते. दुपारी गरम टायर मोजून हवा सोडली, तर दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रेलरचे टायर कमी हवेवर निघतील, आणि कमी हवेचा टायर वळणावर रिमवरून सरकतो. मोजायचे ते पहाटे, निघण्यापूर्वी, सगळ्या चाकांचे, स्टेपनीसकट.

नवा ॲक्सल बसवून झाला की ट्रेलर घेऊन फोंड्याला या. कंट्रोलरची जुळवणी सपाट रस्त्यावर भरलेल्या ट्रेलरसह करावी लागते. ट्रेलरची चाके जाम होतील तेथपर्यंत जोर वाढवायचा आणि मग किंचित मागे आणायचा. ते काम आपण दोघे मिळून करू.